स्कूल सायकॉलॉजीत पीएचडी, पुढे प्राध्यापकी करायची आहे: संशोधन शिकायचं कधी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात स्कूल सायकॉलॉजीची पीएचडी करते आहे. तिसरं वर्ष सुरू झालंय. मुंबईत एमए केलं, काही काळ एका शाळेत समुपदेशक होते, मग इकडे आले.

आठवड्यातले दोन दिवस प्रॅक्टिकममध्ये जातात. शाळेत जाऊन चाचण्या घ्यायच्या, वर्गात बसून निरीक्षण करायचं, पालक आणि शिक्षकांच्या बैठकीला हजर राहायचं. एक अख्खा दिवस अहवाल लिहिण्यात जातो. शिवाय असिस्टंटशिपचे, म्हणजे विभागात पगारी मदतनीस म्हणून कामाचे, वीस तास आणि कोर्सेस. मला प्राध्यापक व्हायचं आहे हे इथे येण्याआधीच ठरलेलं होतं, पण संशोधन जे काही होतं ते रात्री दहानंतर. तुकडीतल्या बहुतेक जणींना शाळेतच नोकरी करायची आहे, त्यामुळे विभागाचा सगळा भर परवाना, तास आणि इंटर्नशिपवर. मार्गदर्शक बाई मनाने फार चांगल्या आहेत. त्या म्हणतात, "इंटर्नशिपला जाण्याआधी प्रबंध हातावेगळा केलास की झालं."

तेवढ्याने होतं का? या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शाळेतलीताई

मी पीएचडी नाही, आधीच सांगते. शाळेत काम करण्यासाठीची स्पेशालिस्ट पदवी केली: तीन वर्षं, त्यात १२०० तासांची इंटर्नशिप. टेक्सासमधल्या एका जिल्ह्यात दोन शाळा सांभाळते. राष्ट्रीय संघटनेची शिफारस ५०० मुलांमागे एक स्कूल सायकॉलॉजिस्ट अशी आहे आणि देशाची सरासरी हजाराच्या पुढे आहे. माझ्याकडे त्याहूनही जास्त मुलं आहेत.

एवढ्यासाठी लिहिते आहे की तू प्राध्यापक होणं ही आमचीही गरज आहे. आम्हाला शिकवणारेच मिळाले नाहीत तर विभाग जागा वाढवणार कशा, आणि शाळांना माणसं मिळणार कुठून? आमच्या भागातल्या एका विभागात प्राध्यापकाची जागा भरलीच गेली नाही, म्हणून त्यांनी त्या वर्षी विद्यार्थी कमी घेतले. त्याचा फटका शेवटी आमच्या शाळांना बसतो. तेव्हा शाळेतले दोन दिवस वाया जातायत असं मानू नकोस, पण संशोधनाला हक्काचा वेळ मागायलाही संकोचू नकोस.

गोदातीर

पाऊलवाट, सरळ उत्तर आधी देतो. नाही, तेवढ्याने होत नाही.

मी बरीच वर्षं एका राज्य विद्यापीठात हाच विषय शिकवतो, पीएचडीचे विद्यार्थी घेतो आणि निवड समितीवरही बसतो. समितीसमोर अर्ज आला की प्रबंध झाला आहे का, हा प्रश्न एका मिनिटात संपतो. पुढचा तास चर्चा चालते ती अशी: या व्यक्तीचा स्वतःचा प्रश्न कोणता? पुढची पाच वर्षं ती कशावर काम करेल? मार्गदर्शकाच्या सावलीतून बाहेर काही केलंय का? आमच्या विद्यार्थ्यांना ती काय शिकवू शकेल? याची उत्तरं शेवटच्या वर्षी घाईघाईत तयार करता येत नाहीत.

तू सांगतेस तो पेच फक्त तुझ्या विभागातला नाही, तो या विषयाच्या बांधणीतच आहे. १९४९ च्या बोल्डर परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी ठरवलं की वैज्ञानिक आणि व्यावसायिक एकाच माणसात घडवायचा. १९५४ साली वेस्ट पॉइंटच्या थेयर हॉटेलात शालेय मानसशास्त्राची स्वतंत्र परिषद भरली आणि आपल्या प्रशिक्षणाला आकार आला. पुढे १९७५ चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला आणि शाळांना मूल्यमापन करणारी माणसं भराभर हवी झाली. तेव्हापासून विभागांवर दबाव आहे तो तासांचा आणि परवान्याचा. प्रॅक्टिकमचा प्रत्येक तास तू नोंदवतेस, पर्यवेक्षक त्यावर सही करतो. लेखनाच्या तासावर कोण सही करतं? म्हणून तो रात्री दहानंतर ढकलला जातो. यात तुझ्या शिस्तीचा काहीही दोष नाही.

मी माझ्या गटात जे करतो ते सांगतो. पहिल्या वर्षीच्या मुलांना मी स्वतःचा अभ्यास करायला लावत नाही. ती चालू प्रकल्पात बसतात, वर्गातल्या चित्रफिती बघून वर्तनाच्या नोंदी करायला शिकतात, दुसऱ्याच्या नोंदींशी जुळवून बघतात. दुसऱ्या वर्षी आधीच जमा झालेल्या माहितीतून एक छोटा प्रश्न सोडवून परिषदेत मांडायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत एक लेख स्वतः पहिला लेखक म्हणून नियतकालिकाकडे गेलेला असावा, छापून आला नाही तरी चालेल.

खरं शिक्षण होतं ते त्या लेखाचं उत्तर आल्यावर. समीक्षकांचं पत्र आलं की आम्ही गटात ते मोठ्याने वाचतो. मग दोन रकान्यांचा तक्ता करतो. डावीकडे समीक्षकाचं वाक्य, एक शब्दही न बदलता. उजवीकडे आपण काय बदललं, कोणत्या पानावर, आणि बदललं नसेल तर का नाही. उत्तराचा पहिला मसुदा विद्यार्थीच लिहितो. पहिल्या वेळी प्रत्येकजण एक तर प्रत्येक सूचनेला होकार देतो, नाहीतर चिडून भांडतो. तिसऱ्या पत्रापर्यंत हात बसतो. लेख नाकारला गेला तरी तक्ता होतोच, कारण पुढच्या नियतकालिकाकडे जाण्याआधी त्याच दुरुस्त्या लागणार असतात. जोडीला, माझ्याकडे समीक्षेला आलेला लेख संपादकांची परवानगी घेऊन मी विद्यार्थ्याबरोबर तपासतो. दुसऱ्याच्या लेखातली पद्धतीची चूक दाखवता यायला लागली की स्वतःचं लेखन बदलतं.

आणखी एक. लेखकांच्या नावांचा क्रम काम सुरू होण्याआधी बोलून घे, आणि लिहून ठेव. एपीएच्या (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या) नीतिसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की विद्यार्थ्याच्या प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या लेखात, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, पहिलं नाव विद्यार्थ्याचं. हे मागणं उद्धटपणाचं नाही. आपल्याकडून गेलेली मुलं या बाबतीत फार गप्प बसतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

विदा_आणि_मी

गोदातीर सरांशी सहमत. पद्धतींच्या बाजूने भर घालतो, कारण मी संख्याशास्त्र शिकवतो आणि स्कूल सायकॉलॉजीची मुलं माझ्याकडे नेहमी उशिरा येतात.

शाळेतली मुलं वर्गात असतात, वर्ग शाळेत असतात. चार वर्गांतली शंभर मुलं म्हणजे शंभर स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. एकाच बाईंच्या हाताखालची मुलं एकमेकांसारखी होतात आणि साधं प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज) केलं तर परिणाम आहे त्यापेक्षा ठाम वाटतो. तेव्हा बहुस्तरीय प्रतिमानांचा (मूल, वर्ग, शाळा असे थर एकत्र धरणाऱ्या पद्धतींचा) कोर्स तिसऱ्या वर्षाच्या आत घेच. विभागात नसेल तर समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या विभागात जाऊन घे.

दुसरं टोक म्हणजे एकेका मुलावरचा अभ्यास, ज्याला सिंगल केस डिझाइन म्हणतात. तुमच्या विषयात हे फार उपयोगी, कारण प्रॅक्टिकममध्ये जे हस्तक्षेप करता त्याच्याशी ते जुळतं. पण एका मुलाचा आलेख वर गेला म्हणून ते संशोधन होत नाही. निदान तीन वेगवेगळ्या वेळी परिणाम दिसावा लागतो. दुसऱ्या निरीक्षकाने किमान २० टक्के निरीक्षणं स्वतंत्रपणे केलेली असावी लागतात, आणि तीही प्रत्येक टप्प्यात. हे आधी ठरवलं नाही तर वर्ष संपल्यावर हातात फक्त एक छान गोष्ट उरते.

गोदातीर

विदा, अगदी बरोबर. याला जोडून एक इशारा, पाऊलवाटसाठी. प्रॅक्टिकममध्ये जमलेली माहिती परस्पर संशोधनाला वापरता येत नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता लागते, बहुतेक ठिकाणी शालेय जिल्ह्याचीही वेगळी मान्यता लागते, मुलांच्या शालेय नोंदींच्या गोपनीयतेला १९७४ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पालकांचं संमतिपत्र हवं आणि मुलाची स्वतःची तयारीही. वसंतात राज्याच्या परीक्षा सुरू झाल्या की शाळा बाहेरच्या कोणाला आत घेत नाहीत. म्हणून जानेवारीत माहिती गोळा करायची असेल तर अर्ज आदल्या उन्हाळ्यात गेलेला हवा. या एका कारणाने प्रबंध वर्षभर लांबलेले मी बघितले आहेत.

पण प्रश्न मात्र प्रॅक्टिकममधूनच यावा असं माझं ठाम मत आहे. १८९६ साली फिलाडेल्फियात लाइटनर विटमरने मानसशास्त्राचं पहिलं क्लिनिक सुरू केलं, त्याची सुरुवात झाली ती एका शिक्षिकेने आणलेल्या मुलापासून. मुलगा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. आपला विषय एका बाईंच्या वर्गातल्या अडचणीतून जन्माला आला आहे. तू दर आठवड्याला एक दिवस अहवाल लिहितेस ना? गेल्या वर्षभरातले अहवाल पुन्हा वाच. जे वाक्य तू सतत लिहितेस आणि लिहिताना तुला खात्री वाटत नाही, तिथे तुझा प्रश्न आहे.

पाऊलवाट

सर, हे वाचून लगेच एक वाक्य डोळ्यासमोर आलं. "विद्यार्थ्याच्या घरी इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषा बोलली जात असल्याने निष्कर्ष सावधपणे वाचावेत." हे मी सगळ्या स्थलांतरित मुलांच्या अहवालात लिहिते. सावधपणे म्हणजे नेमकं किती आणि कसं, हे शिक्षिकेला कळत नाही आणि मलाही सांगता येत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या वाचनाची प्रगती कशी मोजायची, हा माझा प्रश्न असू शकतो का?

अक्षरगट

पाऊलवाट, तुझ्या प्रश्नात आम्हाला इकडे फार रस आहे. मी पुण्यात शाळांबरोबर काम करते, मराठी माध्यमाच्या मुलांच्या वाचनावर.

मिनेसोटा विद्यापीठात स्टॅनली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली पद्धत तुला माहीत असेलच, बाकीच्यांसाठी लिहिते. मुलासमोर उतारा ठेवायचा, एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगायचं. आपल्या हातात तोच उतारा, चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ मारायची. मूल अडलं आणि तीन सेकंद गेले की शब्द सांगायचा आणि ती चूक धरायची. त्याने स्वतःहून लगेच दुरुस्त केलं तर बरोबर. मिनिट संपलं की बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. असे तीन उतारे घेऊन मधला आकडा लिहायचा. पाच मिनिटांत काम होतं, दर आठवड्याला करता येतं, आणि शिकवण्यात बदल केला की तो उपयोगी पडतोय का ते आलेखावर दिसतं.

आता हे मराठीत करून बघ. "आजोबांनी घराच्या अंगणात पेरूचं झाड लावलं." मुलाने "घराच्या"ऐवजी "घराचा" वाचलं. इंग्रजीच्या नियमाने अख्खा शब्द गेला. पण मुलाला घर कळलंय, तीन अक्षरांपैकी दोन बरोबर आहेत, जोडाक्षर अडलंय. शब्द मोजायचे की अक्षरं? आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे आपला शब्द लांब आणि मिनिटाला शब्द कमी. इंग्रजीतला मिनिटाचा आकडा इकडे आणून लावला तर आपली सगळी मुलं मागे पडलेली दिसतील. आणि "अंगणात"ला "अंगनात" वाचणारं मूल? ते त्याच्या घरची बोली बोलतंय. ती चूक धरायची नाही, पण चाचणी घेणाऱ्याला हे शिकवावं लागतं. एकाच मुलाची ध्वनिफीत ऐकून दोन प्रशिक्षित बायांनी वेगवेगळे आकडे लिहिलेले मी पाहिले आहेत, आणि फरक होता तो नेमका ण आणि न चा.

असरची (दरवर्षीच्या शिक्षण-अहवालाची) वाचनचाचणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मोठ्या प्रमाणावर पातळी कळायला ती उत्तम. पण या मुलीला पंधरा दिवसांत फरक पडला का, हे सांगायला ती बनवलेली नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी जे साधन तयार केलं त्यात मराठीही आहे, ही मोठी गोष्ट. तरी दर आठवड्याच्या प्रगतीसाठी शिक्षकाच्या हातात देता येईल असं मराठी साधन मला हवं आहे. अमेरिकेत शिकलेली पद्धत आणि इथल्या शाळांमधला प्रवेश एकत्र आले तर हे होऊ शकतं.

रानमोगरा

छान धागा. मी मुंबईत एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सगळं भारतात राहून शिकता येतं का? की बाहेर जायलाच हवं?

अक्षरगट

रानमोगरा, शिकता येतं, पण एका छताखाली मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून शाळांमध्ये मूल्यमापनाची मागणी वाढली आहे. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण समुपदेशनाचं किंवा क्लिनिकल, आणि पीएचडी वेगळीकडे. एमफिल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी बंदच झालं. पीएचडीला कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात शाळेत बसून मोजमाप शिकवलं जाईलच असं नाही. ते तुला स्वतः गोळा करावं लागेल.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं मात्र समजू नकोस. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत हे नाव आजही प्रत्येक क्लिनिकमध्ये ऐकू येतं. आपल्या मुलांवर, आपल्या भाषेत, प्रमाणांसह काम त्या काळी झालं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाचं बुद्धिमत्तेच्या मोजमापातलं काम आहे. अशा ठिकाणी जाऊन चाचणी तयार कशी होते ते बघ, फक्त चाचणी घ्यायला शिकून थांबू नकोस.

पाऊलवाट

अक्षरगट ताई, मी काल रात्री तुमचा प्रतिसाद मार्गदर्शक बाईंना इंग्रजीत करून पाठवला. त्यांनी लगेच भेटायला बोलावलं.

आता व्यावहारिक शंका. पैसे आणि व्हिसा. शिष्यवृत्त्यांच्या पानावर गेलं की पहिल्याच ओळीत नागरिकत्वाची अट दिसते.

गोदातीर

हो, आणि हे पहिल्या वर्षीच कोणीतरी सांगायला हवं. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदवीधर फेलोशिप, शिक्षण खात्याची विशेष शिक्षणातल्या नेतृत्वासाठीची अनुदानं, या सगळ्यांना नागरिकत्व किंवा कायम रहिवासी असणं लागतं. त्यात शिक्षण खात्याची संशोधन संस्था, जी २००२ साली उभी राहिली आणि जिच्या पैशांवर आपल्या विषयातली एक अख्खी पिढी संशोधक झाली, ती २०२५ च्या सुरुवातीला जवळजवळ रिकामी केली गेली. त्याच वर्षी शालेय मानसिक आरोग्याची सुमारे १०० कोटी डॉलरची अनुदानंही थांबवण्याचा निर्णय झाला. हे मला मनापासून अस्वस्थ करतं. विद्यार्थ्यांचे पगार त्यातून जात होते.

तुझ्यासाठी मार्ग उरतात ते विद्यापीठाच्या अंतर्गत निधीचे, आणि सोसायटी फॉर द स्टडी ऑफ स्कूल सायकॉलॉजीसारख्या संस्थांचे. या संस्थेची प्रबंधासाठी अनुदानं आहेत, नव्या संशोधकांसाठी ती एक सहकार्य परिषदही भरवते. अटी त्या त्या वर्षी वाच. रक्कम छोटी असली तरी अर्ज कर, कारण अनुदानाचा अर्ज लिहिणं हे वेगळं लेखन आहे आणि ते लिहूनच येतं.

व्हिसाचं एक फार महत्त्वाचं. इंटर्नशिप तू सीपीटीवर, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर, करशील. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, जाते. शाळेची इंटर्नशिप शैक्षणिक वर्षापुरती असेल तर अडचण येत नाही, पण रुग्णालयातली वर्षभराची असेल तर तारखा आधी मोजून घे. ऑफर स्वीकारण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत जा. नव्या एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं; देशात राहूनच एफ-वनवरून (विद्यार्थी व्हिसावरून) बदल करणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये आला. तरी मुलाखतीच्या टप्प्यावर विद्यापीठाला हे स्पष्ट विचारायचंच.

शाळेतलीताई

सर, जागांच्या जाहिराती कधी येतात तेही सांगा. आमच्या इथे एक इंटर्न आहे, तिलाही हाच रस्ता धरायचाय.

गोदातीर

ऑगस्ट ते नोव्हेंबर. गंमत बघा, नोव्हेंबरमध्येच इंटर्नशिपचेही अर्ज असतात, त्यामुळे कोणत्या वर्षी काय करायचं ते आधी ठरवा. जाहिरातीत "परवान्यास पात्र" असं लिहिलेलं असतं, ते गांभीर्याने घ्या. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकमवर देखरेख करायला परवानाधारक प्राध्यापक लागतात. म्हणूनच शाळेतले तास प्राध्यापकीच्याही कामाचे आहेत.

बोलावणं आलं की बहुधा दोन दिवस जातात. स्वतःच्या संशोधनावर व्याख्यान, एखादा वर्ग घेऊन दाखवणं, अधिष्ठात्यांची भेट, विद्यार्थ्यांबरोबर जेवण. व्याख्यानाची तालीम विभागात किमान दोनदा करा आणि त्यात आपल्या विषयाबाहेरचा एक माणूस हवाच. निवड समितीत गणिताच्या अध्यापनाचे किंवा शिक्षण-प्रशासनाचे लोक असतात, त्यांना डेनो कोण ते माहीत नसतं. ऑफर आली की पगार बहुतेक नऊ महिन्यांचा आहे हे लक्षात घ्या, आणि सुरुवातीचा संशोधन निधी, पहिल्या वर्षी कमी कोर्स, उन्हाळ्याचा पगार हे सगळं लेखी मागा. सहाव्या वर्षी कायमपणाची (टेन्युअरची) फाइल जाते. पहिल्या वर्षी मागितलेला वेळ तिथे दिसतो.

पाऊलवाट

आज बाईंशी बोलणं झालं. त्यांनी मंगळवारची आणि शुक्रवारची सकाळ लेखनासाठी माझ्या वेळापत्रकात घालून दिली आणि असिस्टंटशिपच्या कामातले काही तास याच प्रकल्पाला जोडले. लेखकक्रमाचंही बोलले, आणि त्याच स्वतःहून म्हणाल्या की लिहून ठेवू.

आता पुढचं. या उन्हाळ्यात भारतात येते आहे. अक्षरगट ताई, नीतिसमितीचा अर्ज करायचा तर मला आधी तिकडच्या शाळेचं पत्र लागेल. शिवाय उतारे दुसरीचे घ्यायचे की तिसरीचे, आणि बोलीच्या नोंदीसाठी नियम कोणी लिहून ठेवलेत का?

अक्षरगट

तिसरीपासून सुरू करू, दुसरीत जोडाक्षरं अजून पक्की नसतात. बोलीचे नियम आमच्याकडे एका वहीत आहेत, शिक्षकांनी वेळोवेळी सांगितलेल्या उदाहरणांसकट. टंकून ठेवते. शाळेच्या पत्राचा मसुदा व्यनि करते. मुख्याध्यापिकांना मुलांचे आकडे परत कधी मिळणार हे त्यात तारखेसह लिही, त्या पहिल्यांदा तेच विचारतील.